काकूंच्या आधी काका

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. पण मला पाने नाहीत, पुठ्ठा नाही आणि कोपरे दुमडायचीही सोय नाही. मी पत्तेवही आहे. एका पाणीपुरवठा कार्यालयाच्या जिन्याखाली एक लोखंडी कपाट आहे. त्या कपाटात एक यंत्र गुरगुरत असते आणि त्या यंत्राच्या पोटात मी राहते. माझ्या डावीकडे दोन झाडू आहेत, उजवीकडे फिनेलचा डबा. शेजार वाईट नाही. झाडू कधी कुणाचा पत्ता विचारत नाहीत.

आज महिन्याचा पहिला सोमवार. माझ्या यंत्रातल्या घड्याळात नऊ वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. साहेब दहाला येतात. ते येण्याआधी माझी गोष्ट सांगून व्हायला हवी. घाई कशाची, ते तुम्हाला ओघात कळेलच. मला ते गेले तीन महिने कळते आहे.

माझा जन्म एका वायरवाल्याच्या हातून झाला. त्याच्या तोंडात नेहमी एक स्क्रू असे, त्यामुळे तो फार बोलत नसे. माझ्या आधी या कार्यालयात प्रत्येकाची स्वतःची डायरी होती आणि प्रत्येक डायरीत प्रत्येकाचा वेगळा पत्ता होता. पाइप फुटला की आधी डायऱ्या शोधत, मग चष्मे शोधत, मग माणूस शोधत. तोवर पाणी आपला रस्ता शोधून मोकळे होई. वायरवाल्याने टेबलाटेबलावरचे संगणक तारांनी मला जोडले, तोंडातला स्क्रू काढला आणि म्हणाला, "ही एकच वही, सगळ्यांची. वाचा सगळ्यांनी, लिहायचं मात्र एकानेच."

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही," शिपाई मामा म्हणाले. मामांचे म्हणणे तेव्हा कुणी मनावर घेतले नाही. एरवीही घेत नाहीत.

माझे काम अगदी सोपे आहे. कोणी पत्र लिहायला घेतो आणि पत्त्याच्या चौकटीत एक-दोन अक्षरे टाईप करतो. पत्राचा प्रोग्राम ती अक्षरे घेऊन धावत माझ्याकडे येतो. त्या अक्षरांनी सुरू होणारी नावे मी बाराखडीच्या क्रमाने काढून देते. पहिल्या नावावर निळी पट्टी असते. एंटर दाबला की ते नाव पत्त्यात जाऊन बसते आणि पत्र सुटते. पत्रे साठवायचे खण माझ्याच यंत्रात, माझ्या शेजारी आहेत. म्हणून कुणाला काय आले, ते उघडले की तसेच पडून आहे, हे मला दिसते. दिसते एवढेच. विचारल्याशिवाय बोलायची सोय वायरवाल्याने मला दिलेली नाही.

माझ्यात लिहायचा अधिकार वहिनींचा होता. वहिनी म्हणजे खालच्या मजल्यावरच्या कारकून. त्यांचे दीर कधीकाळी याच कार्यालयात होते. दीर बदली होऊन गेले, वहिनी मात्र वहिनीच राहिल्या. माझा परवलीचा शब्द त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या बाजूला बाहेरून चिकटवला होता. हे गुपित सगळ्यांना माहीत होते, म्हणून ते सुरक्षित होते.

या कार्यालयाची एक रीत तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण पुढचे सगळे त्या रीतीमुळेच घडले. इथे नावाने कोणी कुणाला हाक मारत नाही. इथे मामा आहेत, ताई आहेत, अण्णा आहेत. तेव्हा वहिनींनी माझ्यातही तेच लिहिले. मुख्य कचेरीतून एकदा फर्मान आले, की वहीत प्रत्येकाचे खरे नाव असावे. वहिनी पहिल्यांदा मामांकडे गेल्या.

"मामा, तुमचं खरं नाव काय हो?"

मामांनी हातातली कपबशी खाली ठेवली. "का? काय केलं मी?"

"काही नाही. वहीत लिहायचंय."

मामांनी कपबशी पुन्हा उचलली. "घरी विचारून सांगतो," ते म्हणाले.

फर्मान फाइलला लागले. मी जशी होते तशीच राहिले. आणि खोटे कशाला बोलू, त्या दिवसांत माझे कौतुकही होत होते. एकदा नदीकडचा मोठा पाइप फुटला तेव्हा साहेबांनी 'सगळे' एवढा एकच शब्द टाईप केला आणि पाच मिनिटांत त्रेचाळीस जणांना पत्र गेले. त्या दिवशी साहेब स्वतः खाली आले आणि कपाटावर थाप मारून म्हणाले, "याला म्हणतात वही!" ती थाप मला पुष्कळ दिवस पुरली.

साहेब तसे सज्जन आहेत. ते एकाच बोटाने टाईप करतात, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'एकबोटे' म्हणतात. ज्याला एका बोटाने सगळे लिहायचे असते, तो अक्षरे वाचवतो. साहेब कधीही पूर्ण नाव टाईप करत नाहीत. आणि पत्र सुटले की खुर्चीत मागे रेलून, स्वतःलाच ऐकू जाईल असे म्हणतात, "कळवलं!" त्यांच्या लेखी पाठवले म्हणजे कळवले आणि कळवले म्हणजे संपले.

आता काकांबद्दल. गावाच्या दुसऱ्या टोकाला आमची तळटाकी आहे. तळटाकी म्हणजे जमिनीखालची सिमेंटची एक मोठी खोली. वर माणूस जेमतेम मावेल एवढे तोंड आणि आत उतरायला बावीस पायऱ्यांची लोखंडी शिडी. भिंतीत, बैल आत शिरेल एवढ्या तोंडाचा पाइप. दर तीन महिन्यांनी, पहिल्या सोमवारी, टाकी रिकामी करून आतून घासायची. काका तिथे एकतीस वर्षे होते. पाइपाला कान लावून ते सांगत, की पाणी कुठवर आले आहे. पूर्वी त्या पाइपाचा व्हॉल्व्ह टाकीशेजारीच होता. ज्याला खाली उतरायचे, तोच तो बंद करी आणि चाकाची दांडी काढून खिशात घालून उतरे. पुढे सुधारणा झाली. व्हॉल्व्ह आता साहेबांच्या टेबलावरच्या बटणाने उघडतो. दांडीचे काम पत्रावर आले.

काका निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना भिंतीवरचे घड्याळ दिले. ज्याला आता वेळेचे काहीच काम उरले नाही त्याला घड्याळ देण्याची कल्पना कुणाची, ते कळले नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला उघडले. काकांच्या कार्डावर आल्या, 'पुसा' या बटणावर बोट ठेवले. प्रोग्रामने विचारले, 'खरोखर पुसायचे?'

"अगंबाई!" वहिनी दचकल्या. "चांगल्या जिवंत माणसाला पुसायचं कसं? राहू दे की. वही काय खायला मागते?"

मित्रांनो, माझी सारी हकिगत दयेने बिघडलेली आहे. दुष्टपणा तिच्यात शोधू नका. सापडणार नाही.

काकांच्या जागी एक बाई आल्या. वय चौतीस, अंगाने काटक, बोलायला तिखट. पहिल्याच दिवशी वहिनी त्यांना म्हणाल्या, "या काकू, बसा."

"काकू? अहो, तुम्ही माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या असाल!"

"जागेला वय नसतं बाई. काकांच्या जागी आलीस, काकू झालीस. मी काय इथे कुणाशी लग्न करून वहिनी झालेय?"

काकू हसल्या आणि काकू झाल्या. वहिनींनी त्यांचे कार्ड लिहायला घेतले. नाव: काकू. काम: तळटाकी. पत्राचा पत्ता लिहिला. 'सगळे' या गटात त्यांना घातले. फोनच्या रकान्यापाशी आल्या तेव्हा काकू निघून गेल्या होत्या आणि मामा चहा घेऊन आले होते. रकाना रिकामा सोडला तर प्रोग्राम कार्ड मिटू देत नाही. वहिनींनी त्यात लिहिले: 'नंतर भरू'. प्रोग्रामला ते पटले. प्रोग्राम भोळे असतात.

मग पहिला सोमवार जवळ आला आणि साहेबांनी एका बोटाने 'का' टाईप केले.

तुम्ही बाराखडी म्हणा बघू. क, का, कि, की, कु, कू. 'का' आधी येतो, 'कू' शेवटी येतो. हा क्रम मी ठरवलेला नाही. मी दोन नावे दिली, काका आणि काकू. निळी पट्टी काकांवर होती. साहेबांनी एंटर दाबला. पत्र माझ्या डोळ्यांदेखत काकांच्या खणात जाऊन पडले.

घरी बसलेल्या काकांनी ते उघडले. 'काकू, सोमवारी साफसफाई अकराऐवजी बाराला.' काका काही दूधखुळे नव्हते. पत्र आपले नाही, हे त्यांना पहिल्याच शब्दाला कळले. पण भिंतीवर ते घड्याळ टिकटिकत होते आणि दिवस लांबलचक होता. काकांनी उत्तर लिहिले: 'बरं.'

साहेबांच्या पडद्यावर पाठवणाऱ्याच्या नावाचा रकाना अगदी अरुंद आहे. त्यात एवढेच उमटले: 'का… : बरं.' साहेब समाधानाने मागे रेलले.

मग काकांनी छत्री काठीसारखी हातात धरली आणि फिरायला जातो असे बायकोला सांगून ते गावाच्या त्या टोकाला गेले. टाकीच्या तोंडाशी उभे राहून सहज बोलल्यासारखे म्हणाले, "सोमवारी बाराच्या आधी उतरू नकोस बाई. पाइपाचा आवाज काही मला बरा वाटत नाही."

काकूंनी ऐकले. पाणी खरोखरच साडेअकरापर्यंत येत राहिले. पुढच्या खेपेलाही तसेच झाले. काकू फिनेल न्यायला जिन्याखाली आल्या की सांगत, "काकांचा कान म्हणजे काय विचारू नका. नुसता पाइप ऐकतात आणि वेळ सांगतात. टाकीचं म्हणून वरून मला एकाने कधी पत्र धाडलं नाही. आपले काका आहेत म्हणून बरं."

"वरून पत्र येत नाही? सुखी आहेस," मामा म्हणाले.

मी कपाटात होते. दोन हातांवर. मला सगळे माहीत होते. पण काकू मला काही विचारायला आल्या नव्हत्या, त्या फिनेल न्यायला आल्या होत्या. असे दीड वर्ष चालले. एका वाटेवर चुकीचे पत्र, दुसऱ्या वाटेवर एक म्हातारा आणि त्याची छत्री. आणि या दोन्हींच्या मध्ये, बावीस पायऱ्या खाली, एक बाई.

तेवढ्यात वहिनींची बदली झाली. त्यांनाही घड्याळ दिले. जाताना त्या मामांना म्हणाल्या, "वहीकडे लक्ष ठेवा हं." मामांनी त्याच संध्याकाळी कपाट बाहेरून पुसले. बाजूची चिठ्ठी ओल लागून सैल झाली होती. ती गळून कपाटाच्या मागे पडली. तेव्हापासून मला वाचता येते, माझ्यात लिहिता येत नाही. नवे आले ते लिहिले गेले नाहीत. जुने गेले ते पुसले गेले नाहीत. नवी माणसे माझ्याबद्दल म्हणू लागली, "ती वही ना? असते एक." माझ्या कपाटावर भिजलेली फडकी वाळत पडू लागली.

यानंतर काकांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन ठरले. चार दिवस पडद्याकडे बघायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. काका कासावीस झाले. कारण सांगता येईना. शेवटी जावयांना एवढेच म्हणाले, की ऑफिसची पत्रे येतात, उत्तर गेले नाही तर बरे दिसत नाही.

त्यांचे जावई म्हणजे सगळे काही येणारे जावई. त्यांनी काकांचा फोन हातात घेतला. "बाबा, तुम्ही काय उत्तर लिहिता एरवी?"

"काय लिहिणार? बरं म्हणतो."

"प्रत्येकाला?"

"प्रत्येकाला."

"मग त्याला माणूस कशाला हवा?" जावई म्हणाले. त्यांनी दोन ठिकाणी बोट टेकवले आणि काकांच्या खणावर एक कायमची सूचना बसली: पत्र आले रे आले, की आपोआप उत्तर जाईल, 'बरं.' किती दिवस, असा प्रश्न प्रोग्रामने विचारला होता. जावयांनी तो रकाना मोकळा सोडला. मोकळा म्हणजे कायम. हे सगळे मला कसे कळले म्हणाल, तर सासऱ्यासाठी काय युक्ती केली ते जावई पुढे शोकसभेला आले तेव्हा जिन्याखाली उभे राहून मामांना सांगत होते. त्यांना तिचा अजून अभिमान आहे.

तो सोमवार आला. सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी साहेबांनी लिहिले, 'काकू, वरच्या टाकीत पाणी कमी आहे. आजची साफसफाई रद्द. साडेअकराला पाणी सोडतो. खाली उतरू नये.' का. एंटर. दहा वाजून दोन मिनिटांनीच उत्तर आले: 'का… : बरं.'

"कळवलं!" साहेब म्हणाले आणि मीटिंगला बसले.

माझ्या शेजारच्या खणात ते पत्र न उघडलेले पडले होते. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. अकराला काकू बादली आणि घासणी घेऊन शिडीवरून उतरल्या.

अकरा वाजून सहा मिनिटांनी पत्र उघडले गेले. डोळ्याला पट्टी बांधून पडलेल्या काकांनी बायकोला सांगितले होते, "आज पहिला सोमवार. काही आलंय का बघ, आणि मोठ्याने वाच." बायकोने चष्मा लावून, एकेक शब्द सावकाश वाचला. 'खाली उतरू नये' हे शब्द शेवटी होते.

पुढच्याच मिनिटाला काकांच्या फोनवरून माझ्याकडे विचारणा आली. या वेळी पूर्ण नावाने: 'काकू'. दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी मला ते नाव पुरते विचारत होते. मित्रांनो, मी धावत जाऊन कार्ड आणले. नाव: काकू. काम: तळटाकी. फोन: नंतर भरू.

माझ्याकडे दुसरे काही नव्हते.

लगेच जिन्याखालचा फोन वाजला. मामांनी उचलला. काकांचा आवाज एवढा मोठा होता, की झाडूंनासुद्धा ऐकू गेला असेल.

"मामा, काकूचा नंबर दे! लवकर!"

"माझ्याकडे कुठला? वहीत बघा ना. वही कशाला ठेवलीये?"

"वहीत नाही रे बाबा! साहेबांना दे फोन."

"मीटिंगमध्ये आहेत. फोन आत आणू नको म्हणालेत."

"मग वर जा आणि सांग, बटण दाबू नका! खाली ती उतरली असेल!"

मामा गुडघे धरत जिना चढले. मी त्यांची पावले मोजली. आठवणीत राहावीत एवढी ती हळू होती. वर दार किलकिले झाले आणि साहेबांचा आवाज आला, "मामा, मी स्वतः कळवलंय. उत्तरसुद्धा आलंय. जा तुम्ही." मामा परत खाली आले तेव्हा फोनच्या पलीकडे कोणी नव्हते.

कारण काका थांबले नव्हते. शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून, एका डोळ्याला पट्टी आणि दुसऱ्यात पाणी, असे ते टाकीवर पोचले तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. पुढचे मी काकूंच्या तोंडून ऐकले. काकांनी टाकीच्या तोंडात डोके घालून हाक मारली, "वर ये!"

"काका, अर्धं राहिलंय!"

"अर्धं राहू दे. तू पूर्ण ये!"

काकू शिडी चढू लागल्या. मध्यावर आल्या तेव्हा पाइपात घरघर झाली. काका पोटावर झोपले, दोन्ही हात आत घातले आणि काकूंचे मनगट धरले. पाणी आले. बादली गेली, घासणी गेली, एक चप्पल गेली. ती चप्पल चौथ्या दिवशी जाळीत सापडली. फुगून दुप्पट झाली होती.

चौकशी झाली. जिन्याखालीच झाली, कारण वर खुर्च्या कमी होत्या. साहेबांनी कागद दाखवले: दहा वाजून दोन मिनिटांनी पत्र गेले, दहा वाजून दोन मिनिटांनी उत्तर आले.

"मला पत्रच आलं नाही," काकू म्हणाल्या. त्यांचे मनगट अजून निळे होते.

"आलं नसतं तर उत्तर कसं आलं असतं? हे बघा, 'का', टिंब टिंब टिंब, 'बरं'."

"मी उभ्या आयुष्यात कुणाला नुसतं 'बरं' म्हटलेलं नाही साहेब! इथे कुणालाही विचारा."

ते सगळ्यांना मान्य होते. पण कागदापुढे कोण बोलणार? काका एका बाजूला पट्टी बांधून उभे होते. त्यांनी घसा खाकरला. मी कपाटात जिवाचा कान केला. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलले असते तर पुरे होते. तेवढ्यात मामा म्हणाले, "काकांची धन्य आहे. आपल्याला दोन डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना एका कानाने दिसतं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांचे वाक्य टाळ्यांखाली गेले. जाताना ते कपाटाजवळ क्षणभर थांबले आणि आपल्याशीच पुटपुटले, "नंतर सांगू."

कुणाला इजा झाली नव्हती, म्हणून कुणाची चूकही झाली नव्हती, असे ठरले. त्यानंतर अकराव्या दिवशी दुपारी जेवून आडवे झालेले काका उठले नाहीत.

साहेबांनी शोकसभेची सूचना लिहिली आणि ती 'सगळे' या गटाला पाठवली. काकांना कोणी पुसलेले नव्हते. ते अजून सगळ्यांतच होते. सूचनेला सगळ्यांत आधी उत्तर आले: 'का… : बरं.'

साहेबांना वाटले, काकू येणार.

काकू आल्याही. रडल्याही. म्हणाल्या, "आता मला पाइपाचं कोण सांगणार?" लोकांनी समजूत घातली, की पत्र येईल की.

त्या टाकीच्या सोमवाराला आज तीन महिने झाले. काकांच्या खणात सतरा पत्रे न उघडलेली पडून आहेत आणि सतराही पत्रांना वेळच्या वेळी उत्तर गेले आहे. कार्यालयात इतके नियमित उत्तर देणारे दुसरे कोणी नाही.

थांबा. जिन्यावर बूट वाजले. साहेब आले.

वरची खुर्ची करकरली. पत्राची चौकट उघडली. एक बोट. थोडा वेळ. दुसऱ्यांदा तेच बोट. प्रोग्राम धावत माझ्यापाशी आला आणि त्याने विचारले: 'का'.

मी दिले. मला द्यावेच लागते. काका. काकू.

एंटर.

'काकू, वरच्या टाकीत पुन्हा पाणी कमी आहे. आजची साफसफाई उद्या. साडेअकराला पाणी सोडतो. खाली उतरू नये.' पत्र माझ्यासमोरून गेले आणि काकांच्या खणात सतरा पत्रांवर अठरावे म्हणून अलगद बसले. ते बसण्याआधीच उत्तर निघाले होते.

"कळवलं!" वरून आवाज आला.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू गोष्टीच्या शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला जपा, पुसा, उन्हात ठेवू नका, वगैरे. मला फडके नको. तुमच्या घरी, शाळेत, कचेरीत माझी एखादी बहीण असेलच. तिला एकदा उघडा. जे गेले त्यांना हात जोडून पुसा. त्यांना राग येणार नाही. जे आले त्यांना पूर्ण लिहा. 'नंतर भरू' असे जिथे दिसेल, तिथे चहाचा पुढचा घोट घेण्याआधी भरा. आणि 'बरं' असे उत्तर आले तर ते कुणी म्हटले, हे एकदा नाव उघडून बघा.

मामा आत्ता कपाटासमोर झाडत आहेत. आज त्यांनी झाडू पार मागे घातला आणि भिंतीकडून एक चिठ्ठी ओढून काढली. वाकून उचलली. चष्म्याशिवाय उलटसुलट पाहिली. "कुठकुठचा कचरा," ते म्हणाले आणि त्यांनी ती सुपलीत टाकली.

दहा वाजून सात मिनिटे झाली आहेत. गावाच्या त्या टोकाला काकू बादली भरत असतील. त्या वेळेच्या पक्क्या आहेत. अकरा म्हणजे अकरा.

महिन्यातून चारपाच वेळा कोणी ना कोणी मला 'का' विचारते. मी लगेच काका देते. इतक्या वर्षांत त्या 'का'पुढे प्रश्नचिन्ह मात्र एकानेही लावले नाही. आज कोणीतरी लावा. अजून एक तास तेवीस मिनिटे आहेत.